सही करण्यापूर्वी

लग्नाच्या दिवशी सारा धर्मग्राम चर्चमध्ये लोटतो. गायनमंडळ आठ दिवस आधीपासून गीते बसवते, आप्तेष्ट गोव्याहून, पुण्याहून, मुंबईहून येतात, आणि वधूवरांच्या सह्या रजिस्टरात होत असता सोबतच्या साक्षीदारांसही धन्यता वाटते. परंतु तोच संसार आठ-दहा वर्षांनी विसकटू लागला म्हणजे त्या उभयतांच्या दारात सहसा कोणी उभे राहत नाही. राहिलेच तर दोन-चार वडीलधारी माणसे रात्रीच्या जेवणानंतर येतात, दार लोटून घेतात आणि हलक्या आवाजात बोलतात. त्या बैठकीत एखादा कागद तयार होतो. त्या कागदाविषयी आणि तो करण्यापूर्वी जे साहाय्य मिळवता येते त्याविषयी आज वाचकांशी बोलावे, असे आम्हांस वाटते.

येथे आम्ही म्हणजे आम्ही उभयता. आमच्यापैकी एकाची उमर बेळगावच्या न्यायालयात कारकुनी करण्यात गेली, दुसरीची शाळेत मुलांस शिकवण्यात. वकील आम्ही नव्हे. परंतु कोर्टाच्या कागदांची सवय असल्यामुळे रविवारच्या मिस्सेनंतर कोणी ना कोणी पिशवीतून एखादा लखोटा काढून आमच्यापुढे धरते, आणि दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एक त्या माणसाबरोबर कचेरीत जातो. असे करता करता पंधरा-सोळा वर्षे झाली. विवाह हा साक्रामेंत आहे आणि तो माणसाने तोडावयाचा नाही, ही आमची श्रद्धा या काळात तिळमात्र ढळली नाही. तो वाद येथे काढण्याचे कारणही नाही. ज्या घरात एकत्र नांदणे अशक्यच झाले आहे, तेथे बायकोने काय खावे, मुलांनी कोठे राहावे आणि नवऱ्याने कोणत्या आदेशानुसार किती पैसे द्यावेत, एवढाच आमचा विषय.

काही वर्षांपूर्वीची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत. आमच्या ओळखीची एक भगिनी दोन मुलांना घेऊन माहेरी आली. नवरा पुण्यास एका कारखान्यात होता. व्यसन आणि मारहाण या दोन शब्दांत कारण उरकते. वर्षभर जाणे-येणे झाले, समेट झाले, मोडले. शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून मुद्रांकाच्या कागदावर एक लेख करवून घेतला. त्यात लिहिले होते की आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क सांगणार नाही, आणि पत्नीस चाळीस हजार रुपये एकरकमी पोचले. खाली दोघांच्या सह्या, चार साक्षीदार. मंडळींची भावना वाईट नव्हती. कोर्टाची पायरी टळली, घराण्याची अब्रू राहिली, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले.

चाळीस हजार रुपये किती दिवस पुरणार? थोरली मुलगी आठवीत गेली, धाकट्याच्या छातीचे दुखणे निघाले. बाईंनी शिवणकाम धरले, तरी भागेना. चार वर्षांनी त्यांनी पोटगीचा अर्ज केला, तेव्हा नवऱ्याच्या वकिलाने तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. आता पोटगीच्या कायद्यात एक पोटकलम आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात जसेच्या तसे आले आहे. त्याचा अर्थ असा की नवराबायको परस्परांच्या संमतीने विभक्त राहत असतील तर पत्नीस त्या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. ‘राजीखुशीने’ हा एक शब्द, जो कागद गोड दिसावा म्हणून कोणीतरी घातला होता, तो त्या बाईंच्या गळ्याशी आला. मार खाऊन आलेली स्त्री राजीखुशीने आलेली नसते हे सिद्ध करण्यात अडीच वर्षे गेली. मुलांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला, कारण मुलांचा हक्क मुलांचा असतो आणि आईच्या सहीने तो बुडत नाही. बाईंच्या स्वतःच्या वाट्याचा निकाल मात्र शेवटी लोकअदालतीत तडजोडीने लागला, आणि मिळालेली रक्कम पहिल्याच वर्षी अर्ज केला असता तर मिळाली असती त्याहून पुष्कळच कमी होती.

हा कागद आणखी एका बाबतीत फसवा असतो. त्याला लोक सर्रास ‘फारकत’ म्हणतात, आणि ख्रिस्ती माणसाची फारकत अशा कागदाने होत नाही. काही समाजांत रूढीने होणारी काडीमोड कायद्याने मानलेली आहे, आपल्यात तशी रूढी नाही. ख्रिस्ती विवाहाचे दिवाणी बंधन केवळ न्यायालयाच्या हुकूमनाम्याने सुटते. पंचांचा कागद दहा नोटरींनी साक्षांकित केला तरी ती दोघे कायद्याने नवराबायकोच राहतात, आणि त्या कागदाच्या बळावर कोणी दुसरे लग्न लावले तर द्विभार्येचा गुन्हा होतो. थोडक्यात, विवाह सुटत नाही आणि पोटगी मात्र अडते. असा दुहेरी तोट्याचा व्यवहार बाजारात कोणी करणार नाही. घरात तो आपण अब्रूच्या नावाने करतो.

येथे एक आक्षेप हटकून येतो आणि तो सज्जनांकडून येतो, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. “तुम्ही मुलींना वकिलाचा रस्ता दाखवता, म्हणजे घरे मोडण्यास हातभारच लावता,” असे आम्हांस एका वृद्ध गृहस्थांनी चर्चच्या आवारातच सुनावले होते. त्यांच्या वयाला मान देऊन आम्ही तेव्हा गप्प राहिलो. परंतु ख्रिस्तसभेचा कायदा त्या गृहस्थांपेक्षा दयाळू आहे. कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेतील ११५३ वे कलम असे सांगते की जोडीदारांपैकी एकाने दुसऱ्याच्या अथवा मुलांच्या आत्म्यास वा शरीरास गंभीर धोका उत्पन्न केला तर दुसऱ्यास विभक्त होण्याचे न्याय्य कारण मिळते. धोका टळताच सहजीवन पुन्हा सुरू व्हावे, हेही तेच कलम सांगते. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २३८३ व्या परिच्छेदात त्याहून स्पष्ट बोलले आहे: काही न्याय्य हक्क, मुलांचा सांभाळ अथवा वारशाचे रक्षण यांसाठी दिवाणी घटस्फोटावाचून दुसरा उपाय नसेल तर तो सहन केला जाऊ शकतो, आणि त्यात नैतिक अपराध नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या प्रेमविषयक प्रबोधनपत्रात असेही म्हटले आहे की काही प्रसंगी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते.

याच्याच जोडीला एक गैरसमज आहे, आणि त्याचे दुःख आम्ही फार जवळून पाहिले आहे. कोर्टाचा हुकूमनामा हाती आलेल्या स्त्रिया चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागतात आणि कम्युनियनच्या वेळी खाली मान घालून राहतात. दुसरा विवाह न केलेल्या घटस्फोटित व्यक्तीस साक्रामेंत स्वीकारण्यास त्या घटस्फोटामुळे कोणतीही आडकाठी येत नाही, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्येच लिहून ठेवले आहे. अशा एका भगिनीने सहा वर्षे कम्युनियन घेतले नव्हते. कोणी मनाई केली होती काय, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “काकू, मनाई कोणी केली नाही. पण घ्या असेही कोणी म्हटले नाही.” त्या शनिवारी आमच्यातील शिक्षिका त्यांना घेऊन फादरांकडे गेली.

आता कायद्याकडे वळू. आपल्या ख्रिस्ती दांपत्यांस लागू असलेला कायदा १८६९ चा. तो १८५७ च्या विलायती कायद्याच्या साच्यातून काढलेला होता आणि त्यात स्त्री-पुरुषांना दोन मापे होती. पतीस पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीस मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग वा असाच दुसरा दोष सिद्ध करावा लागे. जिल्हा न्यायालयाने हुकूमनामा दिला तरी तो उच्च न्यायालयातील तीन न्यायाधीशांनी कायम करावयाचा असे. दावा चालू असतानाची पोटगी पतीच्या उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून अधिक मिळत नसे. ज्या इंग्लंडातून हे माप आले त्या इंग्लंडाने व्यभिचारापुरता हा भेद १९२३ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे विधी आयोगाने १९६० मध्ये पंधराव्या अहवालात ख्रिस्ती विवाहकायदा नव्याने मांडला, तो दप्तरात राहिला. पुढे १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या विषम तरतुदींवर घाव घातला, आणि अखेर २००१ मध्ये संसदेने कायदा सुधारला. एकशेबत्तीस वर्षे! आमच्या आज्या, पणज्या त्या मापाखाली जगल्या आणि गेल्या. त्यांच्यापैकी किती जणींनी मुकाट्याने सोसले याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

सुधारलेल्या कायद्यात क्रौर्य अथवा दोन वर्षांचा परित्याग हे स्वतंत्र कारण म्हणून दोघांनाही समान उपलब्ध आहे, आणि उच्च न्यायालयाकडून हुकूमनामा कायम करवून घेण्याची गरज उरलेली नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असेही त्यात लिहिले आहे. ‘शक्यतो’ या शब्दाचा पल्ला किती लांब असतो ते आमच्यातील कारकुनास विचारावे! तरीही तारीख पडत असता तो साठ दिवसांचा नियम दाखवता येतो, हे काही थोडे नव्हे. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयही २००१ मध्येच आली. मात्र हिंदू विवाह कायद्यात एक वर्षाचे विभक्त राहणे पुरते, तेथे आपल्या कायद्याने दोन वर्षे घातली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती अट एका वर्षावर आणली आणि २०२२ मध्ये तीही गैर ठरवली. कायद्याच्या पुस्तकात अक्षरे अजून दोन वर्षांचीच आहेत, तेव्हा ज्या राज्यात अर्ज करावयाचा तेथे न्यायालये कोणता काळ धरतात ते आधी विचारून घ्यावे.

ज्यांना घटस्फोट नको आहे, आणि आपल्यात अशी दांपत्ये बहुसंख्य आहेत, त्यांच्यासाठी त्याच कायद्याच्या २२ व्या कलमात न्यायिक विभक्ततेची वाट आहे. व्यभिचार, क्रौर्य अथवा दोन वर्षांचा परित्याग या कारणांनी न्यायालय ती देते. विवाहबंधन अबाधित राहते, परंतु वेगळे राहण्यास न्यायालयाची मान्यता मिळते आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचाही आदेश होऊ शकतो. पंचांच्या कागदाने जे साधावयाचे असते ते सारे या हुकूमनाम्याने रीतसर साधते. हा मार्ग असताना आपली माणसे मुद्रांकाच्या दुकानाकडे का धावतात, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

वकिलास द्यावयास पैसे कोठून आणावेत, हा पुढचा प्रश्न. समान न्याय आणि मोफत कायदेशीर साहाय्य हे तत्त्व राज्यघटनेत १९७६ मध्ये ३९-अ या अनुच्छेदाने आले, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. मुलांनाही तो हक्क आहे. पुरुषास राज्याने ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेत असल्यास अथवा अपंगत्वासारख्या काही कारणांनी तो मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाची कचेरी असते, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. जिल्हा प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीशांपैकी असतात. साधा अर्ज पुरतो, आणि ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज तेथेच लिहून घेतात. वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, प्रमाणित नकला, इतकेच काय कागदांचे भाषांतर, हे सारे या साहाय्यात मोडते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यासही माहिती मिळते. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यावयाचे नसतात. कोणी मागितलेच तर सचिवांकडे लेखी तक्रार करावी. फुकटचा वकील काय दिवे लावणार, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमचा अनुभव संमिश्र आहे. काही वकील तारखेस फिरकत नाहीत हे खरे. परंतु आमच्या पाहण्यातील एका तरुण वकीलबाईंनी एका मोलकरणीचे काम ज्या निष्ठेने चालवले, तशी निष्ठा मोठी फी घेणाऱ्यांतही आम्ही क्वचितच पाहिली. काम मनाजोगे होत नसेल तर वकील बदलून मागता येतो.

भाषांतराचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. आपण सीमाभागातील माणसे घरात मराठी वा कोंकणी बोलतो, आणि बेळगावच्या न्यायालयातून निघालेले समन्स कानडीत वा इंग्रजीत येते. कानडी बोलता येणे वेगळे आणि कोर्टाची कानडी वाचता येणे वेगळे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मालमोटार चालवतात. त्यांच्या पत्नीने दावा लावला होता. समन्स आले तेव्हा ते बँकेचे काही असेल म्हणून त्यांनी ते घड्याळामागे खोचून ठेवले. एकतर्फी हुकूमनामा झाला, आणि तोही कागद आला तसा घड्याळामागे गेला. पुढे घर रंगवताना भाच्याने ते दोन्ही कागद काढले आणि रविवारी आमच्यापुढे आणून ठेवले. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्यास तीस दिवसांची मुदत असते. ती उलटून दहा दिवस झाले होते. उशीर माफ करण्याचा अर्ज मोफत वकिलामार्फत घातला, न्यायाधीशांनी तो मान्य केला, आणि गृहस्थांना निदान आपल्या मुलास भेटण्याविषयी बोलता तरी आले. पोटगी त्यांना द्यावीच लागली, आणि द्यावयासच हवी होती. साहाय्य केवळ स्त्रियांना लागते असे नाही, हे सांगण्यासाठी ही हकिगत लिहिली. समन्स कोणत्याही भाषेतील असो, ते घेण्याचे टाळू नये आणि घेतल्यावर आठ दिवसांत कोणास तरी वाचावयास द्यावे.

अर्ज कोठे करावा यातही फसगत होते. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून पत्नीस आपण राहतो त्या ठिकाणी दावा लावता येतो. आपल्या १८६९ च्या कायद्यात ही सोय अद्याप नाही. विवाह जेथे लागला, अथवा दोघे जेथे राहतात वा शेवटी एकत्र राहिले, तेथेच घटस्फोटाचा अथवा विभक्ततेचा अर्ज चालतो. वर सांगितलेल्या बाईंचा विवाह नवऱ्याच्या गावी लागला होता आणि संसार पुण्यास झाला, म्हणून बेळगावात तसा दावा लावण्यास त्यांना वाव नव्हता. पोटगीचा अर्ज मात्र पत्नी राहते तेथे करता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील अर्जही ती तात्पुरती राहत असली तरी त्या ठिकाणी चालतो, आणि त्याखाली संरक्षणाचा, राहत्या घराचा व खर्चाचा आदेश मिळू शकतो. म्हणून माहेरी आलेल्या स्त्रीने प्रथम या दोन दारांचा विचार करावा. गोव्यास दिलेल्या आपल्या मुलींची गोष्ट निराळी. तेथे १८६९ चा कायदा नसून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो, विशेष करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि चर्चमध्ये लागलेल्या कॅथलिक विवाहांसाठी १९४६ पासूनचे वेगळे नियम आहेत. त्यांनी बेळगावच्या सल्ल्यावर विसंबू नये, गोव्याच्याच वकिलास विचारावे.

धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मुळात विवाह वैध झालाच नव्हता, असा निर्णय ते देऊ शकते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती प्रक्रिया पुष्कळ सोपी केली आणि दुसऱ्या न्यायालयाचा दुजोरा मिळवण्याची जुनी सक्ती काढली. परंतु हा निर्णय चर्चपुरता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे की चर्चच्या न्यायालयाच्या निर्णयाने दिवाणी विवाह सुटत नाही. चर्चचा कागद आला म्हणून उत्साहाने दुसरे लग्न ठरवणाऱ्या एका तरुणास आम्ही हॉल ठरवण्याच्या आदल्या दिवशी थांबवले. त्याच्यावर फौजदारी आली असती. उलट नुसत्या कोर्टाच्या हुकूमनाम्याने चर्चमध्ये पुनर्विवाह होत नाही. दोन्ही दारे वेगळी आहेत आणि दोन्ही ठोठवावी लागतात.

कोर्टात गेले की घर मोडलेच, हेही आम्ही मानत नाही. कौटुंबिक न्यायालयाचा १९८४ चा कायदा न्यायाधीशांवर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य घालतो, त्यासाठी समुपदेशकांची तरतूद करतो, आणि दोघांपैकी एकाने मागितले तर सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. चारचौघांत लाज जाईल या भीतीला हे उत्तर आहे. आम्ही एका जोडप्याबरोबर गेलो होतो. दोघांची तेढ वरवर संशयाची वाटे. समुपदेशकबाईंनी तीन बैठकांत शोधून काढले की नवरा आपल्या विधवा आईस दरमहा पैसे पाठवी आणि ते बायकोपासून लपवी. लपवलेल्या त्या पैशांवरून बाईंनी भलतीच कल्पना केली होती. आकडा कागदावर मांडला गेला, घरखर्चाची रक्कम न्यायाधीशांपुढे ठरली, आणि दोघे परत एका घरात गेली. आज सुखी आहेत काय? भांडतात, पण एका घरात भांडतात. आमच्या शिक्षिकेच्या मते त्यांना कोर्टाची नव्हे, हिशेबाच्या वहीची गरज होती. कारकुनाच्या मते ती वही कोर्टाखेरीज उघडलीच नसती. यावर आमचे अजून एकमत नाही.

आता कचेरीत जाताना बरोबर काय न्यावे, तेवढे सांगून थांबतो. जेथे विवाह लागला त्या चर्चच्या रजिस्टरातील नोंदीचा प्रमाणित उतारा. मुलांचे जन्मदाखले, ते नसतील तर बाप्तिस्म्याचे. पतीच्या पगाराची एखादी जुनी चिठ्ठी असल्यास ती, कारण २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून पोटगीच्या कामात दोघांनाही आपली मिळकत व देणी शपथेवर सांगावी लागतात आणि खोटे पकडण्यास असा एक कागद पुरतो. स्वतःचे पासबुक. स्वतःच्या कमाईविषयी निःशंक असावे, विवाहित स्त्रीची मजुरी व कमाई तिची स्वतःची असे १८७४ पासून आपल्या कायद्यात आहे. दवाखान्याचे कागद, घरभाड्याच्या पावत्या, शाळेच्या फीची पुस्तके. पंचांनी केलेला कागद असेल तर तोही न लपवता न्यावा, कारण तो दुसऱ्या बाजूकडून येणारच. पूर्वी पोटगीचा आदेश झाला असेल आणि पैसे थकले असतील तर त्याची नक्कल न्यावी. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. मूळ कागद कोणाकडेही ठेवावयास देऊ नयेत. झेरॉक्स द्यावी, आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेऊनच बाहेर पडावे.